फुलपात्र आणि गिरणी

आमच्या घरात सगळ्यांत आधी उठायच्या त्या बरण्या. स्वारगेटच्या डेपोत दिवसाची पहिली एसटी सुरू झाली, की आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर लिंबाच्या लोणच्याची बरणी मोरांब्याच्या बरणीला हळूच टेकायची आणि किणकिणायला लागायची. दुसऱ्या एसटीला खिडकीची काच थरथरायची. तिसऱ्या एसटीला आई उठायची, दोन्ही बरण्या एकमेकींपासून चार बोटं लांब सरकवायची आणि स्टो पेटवायची. मग अण्णा, म्हणजे आमचे वडील, खोकायचे. मी या सगळ्यातून झोपू शकायचे, आणि तोच माझा त्या घरातला एकमेव गुण समजला जायचा.

आम्ही गॅरेजवर राहत होतो. खाली अण्णांचं गॅरेज आणि वर आमच्या दोन खोल्या, मध्ये लोखंडी जिना. फोडणीचा वास खाली जायचा, डिझेलचा वर यायचा, आणि दोघे साधारण जिन्याच्या मध्यावर भेटायचे. माझ्या वर्गातली एक मुलगी एकदा जेवायला आली होती. ती घरी जाऊन म्हणाली, यांच्या वरणाला गाडीचा वास येतो. मला तिच्या घरचं वरण अळणी लागलं होतं, पण ते मी कुणाला बोलले नाही.

बरण्यांचा बंदोबस्त शेवटी आईनेच केला. ती भोरकडच्या खेड्यातली, विहिरीवरून डोक्यावर घागरी आणलेली. डोक्यावर घागर ठेवताना खाली कापडाचं वेटोळं ठेवतात, त्याला चुंबळ म्हणतात. आईने जुन्या लुगड्याच्या काठांच्या लहान लहान चुंबळी वळल्या आणि एकेका बरणीखाली एकेक ठेवून दिली. किणकिणणं बंद. अण्णा त्या दिवशी बराच वेळ फळीसमोर चहाचा कप घेऊन उभे होते. पुढे आठवड्याभरात त्यांनी गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरखाली टायरच्या रबराची कडी बसवली आणि ही आपलीच युक्ती म्हणून सगळ्यांना दाखवली. आईने ऐकून घेतलं. तिला असल्या श्रेयाचं काही वाटत नसे, किंवा वाटत असलं तरी ती ते भाकरीच्या पिठावर काढत असे.

नवी बरणी आली तेव्हा तिच्यासाठी चुंबळ मी वळली होती. चांगली उशीसारखी, गुबगुबीत. आईने ती बोटाने दाबून बघितली आणि उलगडून टाकली. "एवढी मऊ नको गं. बरणी डुलते. एक दिवस आडवी होईल." मी सोळा वर्षांची होते. चुंबळीबाबत मला काही शिकण्यासारखं आहे असं मला वाटत नव्हतं.

अण्णांच्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण आता ते काम कुणी करत नाही. तेव्हा पेट्रोल परवडेना म्हणून लोक आपल्या जुन्या गाडीतलं इंजिन काढून तिच्यात डिझेलचं बसवून घ्यायचे. गाडी बिचारी नाजूक बांध्याची, आणि तिच्या पोटात हे दांडगं इंजिन. सुरू केलं की आरसा हलायचा, दारं हलायची, चालवणाऱ्याचे गाल हलायचे. इंजिन बसवून देणारे गावात पुष्कळ होते. बसवल्यावर ती गाडी माणसात आणायला लोक अण्णांकडे यायचे. अण्णा एक लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचे, त्याचं टोक इंजिनाला टेकवायचे, लाकडी मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "हा मागून येतोय," किंवा "हा इंजिनाचा नाहीच, हा पत्र्याचा आहे." बॉनेटखाली नमदा, म्हणजे लोकरीचा जाड थर, चिकटवायचा, गाडीच्या तळाला डांबर फासायचं, दारांत काथ्या भरायचा, सायलेन्सर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी टांगायचा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ती रबरं. त्यांना गॅरेजवाले फाउंडेशन म्हणतात. गाडीला अशी तीन असतात, पुढे दोन आणि मागे गिअरबॉक्सखाली एक. तिन्ही नीट जमली तर निम्मा आवाज तिथेच मरतो. आम्ही घरात काही सांगायला गेलो तर अण्णा अर्धवट ऐकून "बरं बरं" म्हणायचे. आईने एकदा विचारलं होतं, "अहो, तो स्क्रू ड्रायव्हर आमच्या कपाळाला लावला तर ऐकू येईल का?"

आणि सगळ्या गावाच्या गाड्या शांत करणाऱ्या या माणसाची स्वतःची गाडी म्हणजे नुसता गोंगाट होता. दुसऱ्यांच्या गाड्यांतून उरलेलं सामान तिला. ती सुरू झाली की समोरच्या इमारतीतले देवधरकाका गॅलरीत येऊन विचारायचे, "अण्णा, दळण घेताय का? पायलीभर ज्वारी होती." त्यावरून तिचं नाव गिरणी पडलं. आम्हीही गिरणीच म्हणायचो. अण्णाही, रागावले नसले तर.

माझी ताई सासवडला दिली होती. तिच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. सासरी जाताना ती नव्या सँडल घालून गेली आणि तिच्या निळ्या बंदांच्या रबरी चपला आमच्या कॉटखाली राहिल्या. आई दर आठवड्याला झाडताना त्या बाहेर काढायची, ओल्या फडक्याने पुसायची आणि पुन्हा तिथेच, तशाच जोडीने ठेवायची. मी एकदा त्यांत पाय घातले तर म्हणाली, "काढ." एवढंच. माझ्या स्वतःच्या चपलेचा बंद तेव्हा सेफ्टी पिनेने धरलेला होता, पण तो मुद्दा तिथे चालला नसता.

आदल्या वर्षी ताईला दिवस राहिले होते आणि तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं होतं. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. आई मात्र त्यानंतर काही दिवस भाकऱ्या मोजून करायची आणि तरी एक जास्त व्हायची. या वर्षी पुन्हा दिवस गेले, सातवा लागला, आणि पहिलं बाळंतपण माहेरी या रीतीप्रमाणे ताईला आणायला अण्णा, आई आणि मी सासवडला गेलो. अर्थातच गिरणीतून.

ताईचे सासरे तात्या हे अंजिराच्या बागेचे मालक. बोलणं कमी, आणि जे असेल ते खडीसारखं. आम्ही अंगणात उतरलो तेव्हा ते ओट्यावर उभे होते. गिरणी बंद केल्यावरही थोडा वेळ थरथरत राहायची. ती पूर्ण शांत होईपर्यंत तात्या काही बोलले नाहीत.

चहा झाला. आईने विषय काढला. तात्या म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलंय, धक्का लागता कामा नये. आमची सून तुमच्या त्या यंत्रात बसणार नाही."

"दुसरी गाडी करू की," आई म्हणाली.

"मीच करून देतो," तात्या म्हणाले. "आमच्या इथल्या वकिलांची आहे. पेट्रोलची. सुरू आहे की बंद ते कळत नाही."

एवढ्यावर सगळं मिटलं असतं. पण अण्णांनी कप खाली ठेवला. "तात्यासाहेब, मी लोकांच्या गाड्या शांत करतो. माझी मुलगी दुसऱ्याच्या गाडीतून माझ्या दारात उतरली तर उद्यापासून मी काय तोंडाने गॅरेज उघडू?"

"अहो," आई हळूच म्हणाली, "मुलगी आणायला आलोय, का मान?"

पण आता दोन व्याही समोरासमोर बसले होते, आणि अशा वेळी बायकांचं कोण ऐकतं. तात्यांनी शांतपणे अट सांगितली. येत्या गुरुवारी दिवस चांगला आहे. गाडी घेऊन या. इंजिन चालू ठेवून मागच्या सीटवर काठोकाठ भरलेलं फुलपात्र ठेवायचं. पाणी सांडलं नाही तर सून पाठवतो. सांडलं तर बाळंतपण इथे सासवडला, आणि मग वकिलांचीही गाडी नाही. शब्द दोन्ही बाजूंनी.

ताई दाराच्या आडून ऐकत होती. तिने माझ्याकडे बघितलं. ताई कधी काही मागत नसे. लहानपणी आंबा कापला तरी ती कोय घ्यायची. निघताना मी तिला नमस्कार करायला वाकले तर माझ्या कानात म्हणाली, "सुमे, मला घरी यायचंय गं. काहीही करा." परतीच्या वाटेवर गिरणीत माझे दात वाजत होते आणि डोक्यात ते "काहीही करा" बसलं होतं.

पुढचे दिवस आमचं घर म्हणजे प्रयोगशाळा होतं. अण्णांनी गाडीत काय काय घातलं त्याची यादी देत नाही, पण आमच्याकडची एक जुनी सतरंजी त्यानंतर कुणाला दिसली नाही. संध्याकाळी शाळा-स्वयंपाक आटोपला की तालीम. आई पुढच्या सीटवर, मी मागे डावीकडे, ताईच्या जागी. दोघींच्या मांडीवर काठोकाठ भरलेलं एकेक फुलपात्र. अण्णा इंजिन सुरू करून बाहेरून ओरडायचे, "काय?"

"सांडलं," मी ओरडायचे.

"किती?"

"फ्रॉकभर!"

आईचं पाणी मात्र कधी सांडत नसे. ती फुलपात्राखाली पदराची घडी ठेवायची. अण्णांच्या हे दोन दिवसांनी लक्षात आलं. ते म्हणाले, "ही फसवणूक आहे." आई म्हणाली, "मग नलूच्या खाली पण घडी ठेवू की. एवढं कशाला करायचं?" ताईचं नाव नलू. अण्णा पुन्हा गाडीखाली गेले. देवधरकाकांनी गॅलरीतून विचारलं, "अण्णा, आज कोणतं पात्र? पंचपात्र, का घंगाळ?"

मंगळवारपर्यंत अण्णांनी बरंच काही जमवलं. आरसा स्थिर झाला. दारं गप्प बसली. पण मागच्या डाव्या सीटवरचं फुलपात्र काही ऐकेना. इंजिन नुसतं चालू असताना पाण्यावर बारीक गोल गोल वर्तुळं उठायची आणि मिनिटाभरात एक थेंब कडेवरून उतरायचा. अण्णांनी फाउंडेशन ट्रकच्या टायरच्या रबराचं केलं होतं, टणक. मी म्हटलं, "मऊ घातलं तर?" ते म्हणाले, "मऊ चालत नाही." का चालत नाही ते सांगण्याची त्यांना सवय नव्हती, आणि विचारण्याची मला नव्हती. आमच्या घरातला हा एक कायमचा दोष. अजूनही आहे. माझा मुलगा विचारतो तेव्हा मीही तसंच उत्तर देते.

बुधवारी दुपारी अण्णा सायलेन्सरची एक पट्टी आणायला नाना पेठेत गेले. आई डिंकाचे लाडू वळत होती. मी कॉटखालच्या चपला घेऊन जिना उतरले. मला वाटतं त्या वेळी मला फार शूर वगैरे वाटत होतं. ताईच्याच चपला ताईला घरी आणणार, अशी काहीतरी कल्पना डोक्यात होती. सोळाव्या वर्षी माणूस असल्या कल्पनांवर गाडीचं इंजिन ठेवू शकतो. मी प्रत्येक चपलेतून तीन गोल चकत्या कापल्या. अंगठ्याजवळच्या चकतीला तर बोल्टसाठी आयतं भोकच होतं. इंजिनाच्या तळाला फळी लावून खालून जॅक दिला, अण्णांना हजारदा बघितलं होतं तसं. इंजिन बोटभर उचललं, टायरची रबरं काढली, प्रत्येक जागी दोन दोन चकत्या सरकवल्या आणि बोल्ट आवळले. तासभर लागला असेल. हाताला काळं लागलं ते निरम्याने धुतलं आणि वर जाऊन लाडू वळायला बसले. आई म्हणाली, "आज तुझे लाडू चांगले गोल होतायत."

अण्णा आले, पट्टी बसवली, इंजिन सुरू केलं. मी मागे जाऊन बसले. फुलपात्रातलं पाणी असं स्थिर होतं की त्यात मला गाडीच्या छताची शिवण दिसत होती. अण्णा बाहेरून ओरडले, "काय?" मी फुलपात्र तसंच धरून बसले. ते आत डोकावले. बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग इंजिनाकडे गेले, परत आले, परत बघितलं. "पट्टीच होती," ते म्हणाले. "मला वाटतच होतं. सगळा खेळ त्या पट्टीचा होता." आईला हाक मारली. देवधरकाकांना हाक मारली. काका जिना उतरून स्वतः आले, फुलपात्र बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काही सुचलं नाही. अण्णांना मी इतकं खूश कधी बघितलं नव्हतं. मग मी ठरवलं की संध्याकाळी सांगू. संध्याकाळी ठरवलं की सकाळी सांगू. सकाळी आम्ही निघालो.

गुरुवारी दिवे घाट चढताना अण्णा एकदाच म्हणाले, "गिअरचा दांडा आज जरा जास्तच नाचतोय." दांडा खरोखर प्रत्येक वळणाला पुढे-मागे झुकत होता, ज्येष्ठ नागरिकासारखा. मला तेव्हाही कळलं नाही. आज माझ्या मुलाची विजेवर चालणारी गाडी आहे. तिच्यात ना इंजिन, ना फाउंडेशन. रिव्हर्स घेताना लोकांना कळावं म्हणून ती मुद्दाम एक आवाज काढते, यंत्रात भरून ठेवलेला. त्या गाडीत बसले की मला वाटतं, अण्णांना हे दाखवायला हवं होतं. ते काय म्हणाले असते तेही मला माहीत आहे. म्हणाले असते, "मग बिघडली तर ऐकायचं काय?"

सासवडला तात्यांनी आमचं फुलपात्र बाजूला सारलं आणि स्वतःचं आणवलं, आमच्यापेक्षा मोठं आणि काठ पातळ असलेलं. स्वतः हाताने भरलं. मागच्या सीटवर ठेवलं आणि दार लावून खिडकीतून बघत उभे राहिले. अण्णांनी इंजिन सुरू केलं. अंगणातली माणसं, दोन जावा, एक कुत्रा, सगळे बघत होते. पाणी हललं नाही. तात्यांनी मनात काहीतरी मोजलं असावं, कारण त्यांचे ओठ हलत होते. मग ते वळले आणि म्हणाले, "सूनबाई, चला. मीपण येतो पोचवायला."

तात्या पुढे बसले. मागे मी, मध्ये आई, आणि डाव्या खिडकीशी ताई. आईने तिच्याखाली गोधडीची चौपदरी घडी दिली होती, फसवणूक म्हणा किंवा काही म्हणा. तात्यांनी जाता जाता ते भरलेलं फुलपात्र ताईच्या हातात दिलं. "असू दे. वाटेत बघत राहा." त्यांचा विश्वास असा टप्प्याटप्प्याने बसायचा. ताईने ते दोन्ही हातांत धरलं आणि आम्ही घाट उतरायला लागलो. ती माझ्याकडे बघून हसली. दोन वर्षांत मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. अण्णा पाठ ताठ करून गाडी चालवत होते. तात्या म्हणाले, "अण्णासाहेब, मानलं." मी खिडकीबाहेर बघत बसले.

एका वळणावर मेंढ्या आल्या. रस्ताभर, सगळ्या एकदम, मेंढ्या येतात तशा. अण्णा हळूच चालले होते, त्यांनी ब्रेकही बेताने दाबला. गाडी थांबली. इंजिन थांबलं नाही. ते त्या सहा मऊ चकत्यांवरून सरळ पुढे डुललं, आणि त्याचा पंखा समोरच्या रेडिएटरमध्ये शिरला. खर्रर्र असा एक आवाज झाला, आईने नारळ खोवताना होतो तसा पण शंभरपट, आणि बॉनेटखालून वाफ आली. त्याच वेळी फुलपात्रातलं सगळं पाणी ताईच्या हातातून उडून तात्यांच्या मानेवर गेलं.

मग एकदम शांत झालं. गिरणी आता पूर्ण, खऱ्या अर्थाने शांत होती. मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या. आईचा हात ताईच्या पोटावर होता. "नलू?" ती म्हणाली. "हलतंय?"

ताई थांबली. "हलतंय," ती म्हणाली. "लाथ मारतंय."

सगळे खाली उतरलो. ताईला आईने कठड्यावर गोधडी घालून बसवलं. अण्णांनी बॉनेट उघडलं आणि नुसते उभे राहिले. स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकण्यासारखं आत काही उरलं नव्हतं. तात्यांनी उपरण्याने मान पुसली आणि उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. त्यांनी आवाज चढवला नाही. "वर जाणारी एखादी जीप थांबवतो. सूनबाई, आपण परत जाऊ. शब्द ठरला होता."

आईने पदर तोंडाशी नेला. आणि कधीच काही न मागणारी आमची ताई कठड्यावरून उठली.

"मामंजी, पाणी गाडी थांबल्यावर सांडलं. तुमची अट इंजिन चालू असतानाची होती, ती पुरी झाली. मी खाली जाणार. चालत जावं लागलं तरी."

तात्या तिच्याकडे बघत राहिले. आपल्या घरात दोन वर्षं कोण वावरत होतं हे त्यांना त्या वेळी पहिल्यांदा दिसलं असावं. मग ते रस्त्याच्या मधोमध गेले आणि हात वर करून उभे राहिले. सीताफळाच्या पाट्या भरलेला एक टेम्पो मार्केट यार्डाकडे चालला होता, तो थांबला. त्याचा आवाज तो दिसण्याच्या आधीपासून येत होता. ड्रायव्हर म्हणाला, "बसा की मावशी, पुढं दोघींना जागा हाय. बाकीच्यांनी मागं पाट्यांवर बसा. फळं दाबू नका म्हंजे झालं."

टेम्पोचं इंजिन पुढच्या केबिनमध्येच, दोन सीटांच्या मध्ये, एका गरम पत्र्याखाली होतं. आईने गोधडीची घडी ताईखाली दिली, स्वतः त्या पत्र्याच्या बाजूला बसली आणि एक हात ताईच्या पाठीमागे घातला. अण्णा गिरणीजवळ थांबले. तात्या आणि मी मागे सीताफळांत. टेम्पो सुरू झाला आणि माझ्या डोळ्यांसमोरचा घाट दुहेरी दिसायला लागला. तात्या ओरडून म्हणाले, "तुझ्या बापाचा मोठेपणा नडला. बाकी काही नाही."

एवढं मात्र मला गिळवलं नाही. "अण्णांनी नाही केलं," मी ओरडले. "रबरं मी बदलली. त्यांना माहीत नाही."

"काय घातलंस?"

"चपला."

"कुणाच्या?"

"ताईच्या."

तात्यांनी एक सीताफळ उचललं, डोळे मोकळे झालेत का ते बघितलं आणि परत ठेवलं. "बापाला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतेस?"

"तुम्ही त्यांना नावं ठेवता म्हणून."

हडपसर येईपर्यंत ते सीताफळं चाचपत बसले. तिथे टेम्पो सिग्नलला थांबला तेव्हा मी मागच्या काचेतून केबिनमध्ये बघितलं. तो पत्रा थाडथाड उडत होता, ड्रायव्हरचं डोकं मागे-पुढे होत होतं, आणि ताई आईच्या खांद्यावर मान टाकून, तोंड उघडं ठेवून गाढ झोपली होती. महिनाभर झोप नाही लागलेली, असं ती नंतर म्हणाली. तिची मुलगी पुढे तशीच निघाली. पाळण्यात ठेवली की रडायची आणि खाली गॅरेजमध्ये चालू इंजिनाशेजारी नेली की दोन मिनिटांत डोळे मिटायची. अण्णा तिला मांडीवर घेऊन लोकांचं डिझेल जाळत बसायचे. आता तिलाच दोन मुलं आहेत. हल्लीच्या डॉक्टरणीला मी हा सगळा किस्सा सांगितला तर ती म्हणाली, तेवढ्या थरथरीने काही होत नाही हो मावशी. बरं झालं, तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. नाहीतर या प्रकरणात काय लिहिलं असतं.

घरी आल्यावर आईने ताईची दृष्ट काढली, हातपाय धुवायला पाणी दिलं, आणि पिठलं-भाकरी करायला घेतली. तात्या आमच्या एकुलत्या एका खुर्चीवर चहा घेऊन बसले. गिरणीला ट्रकमागे बांधून अण्णा आले तेव्हा देवधरकाका गॅलरीत होते, पण गिरणी बघून ते आत निघून गेले. त्यांच्या इतक्या वर्षांच्या बोलण्यांपेक्षा मला ते जास्त लागलं. अण्णा जिना चढून आले. त्यांच्या शर्टाचा खिसा फुगलेला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि न बघण्याची जी पद्धत असते तिच्यावरून मला कळलं की त्यांना कळलंय.

"काय झालं होतं हो?" तात्यांनी विचारलं.

"फाउंडेशन चुकलं," अण्णा म्हणाले. "मऊ पडलं. माझाच अंदाज."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ताटं मांडत होते, एक ताट दोनदा मांडलं. तात्यांनी चहाचा घोट घेतला आणि हात पुढे केला. "बघू."

अण्णांना ते द्यावंच लागलं. त्यांनी खिशातून एक चकती काढून तात्यांच्या तळहातावर ठेवली. चेपलेली, वरून पांढरी, खालून निळी. तात्यांनी ती उजेडात धरली, उलटी केली, तिच्या भोकातून पलीकडे बघितलं.

"अण्णासाहेब, याला अंगठ्याजवळ भोक कशाला हो?"

"बोल्टला," अण्णा म्हणाले.

"हां. बोल्टला."

आतल्या खोलीत ताई कॉटखाली वाकून काहीतरी शोधत होती. पोटामुळे तिला नीट वाकता येत नव्हतं. "आई," तिने हाक मारली, "माझ्या निळ्या चपला कुठायत गं? इथंच असायच्या ना?"

आईच्या हातातला उलथना तव्यावर थांबला. एवढी शांतता त्या घरात अण्णांना कधीच साधली नव्हती, फळीवरच्या बरण्यासुद्धा गप्प होत्या. ताई दारात आली. तिने आईकडे बघितलं, मग अण्णांच्या फुगलेल्या खिशाकडे, मग माझ्याकडे, आणि शेवटी तात्यांच्या बोटांत धरलेल्या त्या निळ्या चकतीकडे. आधी तिचे खांदे हलले. मग ती दाराची चौकट धरून हसायला लागली, आवाज न करता, नखशिखांत, तिचं पोट हलत होतं, चौकट हलत होती, चौकटीवरचं गणपतीचं चित्र हलत होतं.

"अगं पुरे," आई उलथना घेऊन धावली, "पुरे नलू, हळू हस. धक्का लागेल."